विटाळ वेगळा, संसर्ग वेगळा



मागच्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, चटया गुंडाळून झाल्या आणि मंडळी चपला शोधू लागली. तेव्हा दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेल्या एका कुटुंबातली सून माझ्याजवळ आली. तिच्या सासूबाईंना क्षय झाला आहे. घर दोन खोल्यांचे, माणसे सात. तिने हळूच विचारले, "सर, आपण इटाळ सोडला. मग सासूबाईचं ताट येगळं ठिवलं तर ते चुकीचं न्हाई का? आन् न्हाई ठिवलं, तर लेकरांना लागंल त्याचं काय?"

मी शिक्षक आहे. प्रश्नांची उत्तरे देण्याचाच मला पगार मिळतो. पण त्या संध्याकाळी मला चटकन उत्तर देता आले नाही. "उद्या घरी येतो, मग बोलू," एवढेच मी म्हणालो. रात्रभर तो प्रश्न माझ्याजवळ बसून होता. कारण तो प्रश्न माझ्याही घरात एकदा येऊन गेला होता, आणि तेव्हा आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले होते.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून सोलापुरात आले आणि यंत्रमागावर लागले. मी शाळेत असताना त्यांना खोकला लागला. तो जाईना. शेवटी तपासणी झाली, क्षय निघाला. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या आणि जाता जाता कोणीतरी एक वाक्य सांगितले, "पेशंटला वेगळं ठेवा." वेगळे म्हणजे कसे, किती दिवस, कशासाठी, हे कोणी सांगितले नाही. आईने तिला ठाऊक होते तसे वेगळे ठेवले. जर्मनच्या एका ताटावर खिळ्याने खूण केली. एक कपबशी कोनाड्यात निराळी ठेवली. आतल्या खोलीत आबांचे अंथरूण घातले आणि त्यांना वारा लागू नये म्हणून खिडकी घट्ट लावून घेतली. त्याच खोलीत आम्ही भावंडे रात्री झोपत होतो.

सहा महिन्यांनी आबा बरे झाले. पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीला क्षय झाला. तीही औषधाने बरी झाली. पण आज मला कळते की तिला तो घरातून लागला असेल, तर आबांच्या ताटातून नव्हे; त्या बंद खिडकीच्या आतल्या हवेतून लागला असेल. क्षयाचे जंतू खोकल्याबरोबर हवेत जातात आणि कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात. ताटावाटीतून, कपड्यातून, हातात हात घेतल्याने क्षय लागत नाही. म्हणजे ज्याची गरज नव्हती ते आम्ही कसोशीने पाळले, आणि ज्याची गरज होती त्याच्या नेमके उलट केले.

आबा बरे झाल्यावर एकदा आईला म्हणाले, आणि रागाने नव्हे, "गावातल्या हॉटेलात आमची कपबशी बाहेर भिंतीच्या खाचेत असायची. ती मी पोटासाठी सोसली. घरातली कशासाठी सोसली गं?" आई काही बोलली नाही. तिचा अपराध नव्हता. तिला भीती होती आणि माया होती. नव्हते ते ज्ञान.

वाचकहो, म्हणूनच हा प्रश्न मला केवळ औषधपाण्याचा वाटत नाही. तो धम्माचा प्रश्न आहे. आपल्या घरांत आज दोन प्रकारच्या चुका होतात. एका घरात भीतीपोटी आजाऱ्याला कोपऱ्यात टाकतात. दुसऱ्या घरात उलट बोलतात: "आम्ही आता बौद्ध झालो, आम्ही असलं काही पाळत नाही", आणि आजाऱ्याची चादर काढलेल्या हातानेच पीठ मळायला बसतात. पहिल्या घराने जुना विटाळ नव्या नावाने आत घेतला. दुसऱ्या घराने विटाळाबरोबर स्वच्छताही बाहेर फेकली. दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. विटाळ आणि संसर्ग या दोन गोष्टी ते एकच समजले.

त्या एक नाहीत, आणि हे ओळखायला तीन साधे प्रश्न पुरे आहेत.

पहिला प्रश्न : कारण काय? संसर्गाला कारण असते. जंतू असतो, तो डोळ्यांना दिसत नसला तरी सूक्ष्मदर्शकाला दिसतो. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. विटाळाचे कारण कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली सापडले? त्याचे कारण फक्त जन्म, आणि जन्म हा कोणाचाही दोष नव्हे.

दुसरा प्रश्न : वाट कोणती? प्रत्येक रोगाची वाट ठरलेली आहे. क्षय हवेतून जातो. जुलाब, पटकी आणि काही प्रकारची कावीळ हातातून, पाण्यातून आणि माश्यांच्या पायांतून तोंडापर्यंत पोहोचते. कावीळ 'ब' आणि एच.आय.व्ही. रक्तातून जातात, एका ताटात जेवल्याने जात नाहीत. वाट कळली की ती अडवता येते. विटाळाला वाट नसते. सावली पडली तरी तो लागतो म्हणे, आणि गोमूत्र शिंपडले की जातो म्हणे!

तिसरा प्रश्न : शेवट कधी? संसर्गाचा भर ओसरतो. क्षयाची योग्य औषधे नियमित सुरू झाली की साधारणपणे काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका पुष्कळच उतरतो. विटाळ मात्र पिढ्यान् पिढ्या उतरत नाही. तो बापाकडून मुलाकडे जातो, आणि मुलगा बी.ए. झाला तरी जात नाही.

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला, त्याचा आपल्या रोजच्या जगण्यातला अर्थ हाच नव्हे काय? हे असेल तर ते होते. हे थांबवले तर ते थांबते. जो कारण पाहतो तो रोग अडवतो. जो कारण न पाहता माणसाला अडवतो, तो रोगही पसरवतो आणि अन्यायही करतो.

२०२० साली करोनाच्या दिवसांत, "पहा, आपले पूर्वज सोवळे पाळत होते ते शास्त्रच होते," असे म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना महाडची आठवण द्यावी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता. माणसांनी पाणी प्यायल्यावर मात्र तळे बाटले असे ठरले, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे पाण्यात ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे हे आरोग्यशास्त्र असेल, तर मग अनारोग्य कशाला म्हणावे? करोनात पाळायचे अंतर काही दिवसांचे होते आणि मंत्र्यापासून हमालापर्यंत सर्वांना सारखे होते. अस्पृश्यतेचे अंतर जन्मभराचे होते आणि एकाच बाजूला होते.

दुसरे एक उदाहरण युरोपातले आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात बाळंतिणी तापाने मरत. त्या रुग्णालयात दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यात सुइणी. मृत्यू अधिक होत ते डॉक्टरांच्या विभागात. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने त्याचे कारण शोधले. डॉक्टर शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या खाटेकडे येत. त्याने सर्वांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात सुमारे अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शंभरात सुमारे दोनवर आले. तरीही बड्या डॉक्टरांपैकी अनेकांनी त्याचे ऐकले नाही. आमच्यासारख्या प्रतिष्ठितांचे हात मृत्यू वाहून नेतात, हे मान्य करणे त्यांना जड गेले.

या गोष्टीत आपल्यासाठी मोठा बोध आहे. जंतू प्रतिष्ठा ओळखत नाही. ज्याला समाज शुद्ध म्हणतो त्याच्या हातावर तो असू शकतो, आणि ज्याला अशुद्ध म्हणतो तिचा हात स्वच्छ असू शकतो. आपल्याकडे बाळंतपणाचा विटाळ मानत, म्हणून बाळंतिणीला घरातल्या टाकाऊ चिंध्या देत आणि अंधारी खोली देत. पुष्कळ गावांत सुईण म्हणून आपल्याच वस्तीतली बाई जाई. तिच्या हाताने बाळ जन्माला येई आणि नंतर तोच हात अस्पृश्य ठरे. त्या चिंध्यांनी आणि गंजक्या विळ्याने किती बाळे धनुर्वाताने नेली असतील! तेथे विटाळाने संसर्ग थांबवला नाही. त्याला दार उघडून दिले.

आता तथागतांकडे येऊ. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह विहारातून फिरत असता तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे त्यांनी विचारले. मी इतर भिक्खूंच्या उपयोगी पडत नाही म्हणून ते माझे करीत नाहीत, असे तो म्हणाला. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. बुद्धांनी पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजवले. मग संघाला बोलावून त्यांनी समजावले की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा प्रसंग आपण पुष्कळदा सांगतो आणि करुणेपाशी थांबतो. पण नीट पहा. त्यांनी आधी काय केले? पाणी मागवले. धुतले. स्वच्छ जागी निजवले. तेथेच पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य काय आणि अपथ्य काय हे त्याला कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस वाटू नये. आणि आजाऱ्याला वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने उभारी देता यावी. पाहा, पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत. करुणा तिसरी येते.

मे १९५६ मध्ये बी.बी.सी.वरील भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो ते सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता या तीन तत्त्वांचा उल्लेख केला. आजाऱ्याच्या खाटेजवळ ही तिन्ही तत्त्वे एकाच वेळी लागतात. प्रज्ञा सांगते, रोगाची वाट ओळख. करुणा सांगते, माणसाजवळ जा. समता सांगते, जो नियम सासूला तोच सुनेला, जो मालकाला तोच मोलकरणीला.

त्याच १९५६ साली, ज्या वर्षी नागपूरला आपली धम्मदीक्षा झाली, मद्रासमध्ये क्षयावरचे एक संशोधन केंद्र सुरू झाले. तोवर समजूत अशी होती की क्षयाचा रोगी घरापासून तोडून सॅनेटोरियममध्ये ठेवला पाहिजे. त्या केंद्राने शहरातल्या गरीब वस्त्यांतले सुमारे दोनशे रोगी घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच औषध दिले. घरच्यांचा आहार हलका होता, विश्रांती कमी होती. वर्षभराने पाहिले तर दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे. आणि रोगी घरी राहिला म्हणून घरातल्या माणसांना क्षय अधिक झाला, असेही आढळले नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयावरचा विचार बदलू लागला. औषध वेळेवर घेतले तर माणसाला घराबाहेर काढण्याची गरज नाही, हे दाटीच्या घरांत राहणाऱ्या गरिबांनी जगाला दाखवून दिले. आपण मात्र अजून त्याला घरातल्या घरात बाहेर काढतो!

येथे कोणी विचारील, "मग सावित्रीबाईंनी काय खबरदारी घेतली होती?" हा प्रश्न योग्य आहे. १८९७ च्या प्लेगात त्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले मूल पाठीवर घेतले आणि पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी प्लेग उंदरावरच्या पिसवांतून येतो हे जगाला ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत ते दाखवले १८९८ साली. सावित्रीबाईंजवळ जे होते ते सर्व त्यांनी दिले. आपल्याजवळ त्यांच्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे ज्ञान. ते असून न वापरणे हे धैर्य नव्हे, तो प्रमाद आहे. मास्क न लावता आजाऱ्याजवळ बसणे म्हणजे सावित्रीबाईंचा वारसा, असे कोणी समजू नये. मूल उचलायला न घाबरणे हा त्यांचा वारसा आहे.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी माता-भगिनी दुसऱ्यांच्या घरी आजारी म्हाताऱ्यांच्या सेवेला जातात. कोणी बारा तासांची दिवसपाळी करते, कोणी रात्रपाळी. त्यांतल्या एकीने मला सांगितले की त्या घरात तिच्या चहाचा कप वेगळा आहे, पण मलमूत्र काढायला हातमोजे नाहीत. म्हणजे तेथे विटाळ पाळला जातो, संसर्ग पाळला जात नाही! भगिनींनो, हातमोजे, साबण आणि मास्क मागायला लाजू नका. ती भीक नव्हे, तो तुमच्या कामाचा हक्क आहे. आणि बंधूंनो, आपल्या स्वतःच्या घरात काय चालते? आईचे अंथरूण बदलायचे काम सुनेचेच, मुलाचे नाही, असे का? घाण काढण्याचे काम जन्माने ठरवणे ही जातिव्यवस्था असेल, तर ते बाईच्या जन्माने ठरवणे ही काय आहे? आनंद आणि भगवान दोघेही पुरुषच होते.

आता करायचे काय ते थोडक्यात सांगतो, कारण आचरणाशिवाय धम्म म्हणजे नुसते बोलणे.

आजाऱ्याला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर साबणाने हात धुवा. बोटांच्या बेचक्या आणि नखे घासत वीस-तीस सेकंद तरी धुवा. पातेल्यात हात बुचकळू नका. दुसऱ्याने तांब्याने पाणी ओतावे. सोलापुरात पाणी रोज न येण्याची वर्षे आपण काढली आहेत. पाणी कमी असेल तर अंगण धुणे राहू द्या, हात धुणे राहू देऊ नका. नखे कापलेली असावीत. हाताला जखम असेल तर ती झाका. मलमूत्र काढताना हातमोजे घाला आणि ते काढल्यावर पुन्हा हात धुवा. मळलेली चादर झटकू नका, गुंडाळून न्या, साबणाच्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. सोलापूरच्या उन्हाला आपण नावे ठेवतो. या कामी ते फुकटचे औषध आहे. आपले गाव टॉवेल विणून देशोदेशी पाठवते, आणि घरात मात्र सात माणसांना एकच पंचा! आजाऱ्याला पंचा निराळा द्या, आणि तसाच घरातल्या प्रत्येकाला द्या. मग तो विटाळ राहणार नाही, ती रीत होईल. मधुमेहाचे इंजेक्शन घरी घेत असाल तर वापरलेली सुई पुन्हा टोपणात घालू नका, कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या जाड डब्यात साठवून दवाखान्यात द्या. नाहीतर ती उद्या कचरा वेचणाऱ्या आपल्याच भगिनीच्या हातात शिरेल.

क्षयाच्या घरी खिडकी उघडी ठेवा. आजाऱ्याने खोकताना तोंडावर रुमाल धरावा, सुरुवातीच्या आठवड्यांत मास्क लावावा, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी. मुलांनी त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत झोपावे, आणि घरातल्या सर्वांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. खोकला थांबला म्हणून त्या बंद करू नका. डॉक्टर सांगतील तितके महिने पूर्ण करा. ताटे साबणाने घासा आणि सर्वांनी वापरा. आणि काय करतो, का करतो, किती दिवस करतो, हे आजाऱ्याला समोर बसून सांगा. न सांगता ठेवलेले अंतर त्याला जुनी जखम वाटते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या घरी गेलो. आतल्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यासमोर लोखंडी कपाट उभे होते. मुलाने आणि मी मिळून ते सरकवले. बिजागऱ्या गंजल्या होत्या, तेल घालावे लागले. खिडकी उघडली तेव्हा अंथरुणावरच्या आजींनी उजेडाने डोळे मिचकावले आणि विचारले, "आता माझं ताट?"

सून म्हणाली, "सगळ्यांसंगं, आत्या."

तिच्या प्रश्नाचे उत्तर तिनेच दिले. आपण विटाळ सोडला तो माणूस जवळ करण्यासाठी. आपण हात धुतो तेही त्यासाठीच. आज रात्री आपल्या घरातली एखादी बंद खिडकी पाहा, आणि कोनाड्यात कोणाची कपबशी निराळी ठेवली आहे का, तेही पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!